एस्तेर, त्या पानाखाली नाव होतं

एस्तेर,

गेल्या सोमवारी शाळेच्या सभागृहात तुझी शोकसभा झाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "एस्तेरबाई अतिशय शांत होत्या. त्यांचा चढा आवाज कधी कुणी ऐकला नाही." मी तिसऱ्या रांगेत बसले होते. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तू शांत? नववीचा चित्रकलेचा तास कापून तिथं शिवणाचा जादा तास घातला, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत टेबलावर जेवणाचा डबा आपटून "मुलींना नुसती बटणंच लावायला शिकवायची असतील तर मला घरी पाठवा," असं कोण म्हणालं होतं? ह्याच मुख्याध्यापिका समोर बसल्या होत्या. त्यांचा चहा बशीत सांडला होता. तास तुला परत मिळाला होता.

पण माणूस गेलं की त्याला शांत करून टाकतात. म्हणजे त्यानं काय काय म्हटलं होतं ते आठवावं लागत नाही.

मला काही ती सभा नको होती. तुझा हार घातलेला फोटो नको होता. मला तू हवी होतीस, समोर, भांडायला. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तू निघून गेलीस, ह्याचा मला दुःखाइतकाच राग आहे. हे लिहिते आहे ते त्यासाठीच. सोमवारपासून आजच्या शनिवारपर्यंत काय काय झालं ते तुला कळायला हवं, आणि दुसरं कुणी तुला नीट सांगणार नाही.

तुझी वही मी पहिल्यांदा पाहिली ती मला शाळेत लागून महिना झाला होता तेव्हा. रविवारी तू चर्चमधून आलीस की जेवण उरकून खोलीत सतरंजी अंथरायचीस. मैद्याची खळ शिजवायचीस, त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचीस. मी आपली सहज आले होते, पेपर तपासायला सोबत म्हणून. बघते तर मांडीवर मावणार नाही एवढी रुंद वही. कापड बाजारातल्या कुठल्याशा दुकानातून सुटिंगच्या नमुन्यांचं जुनं पुस्तक तू मागून आणलं होतंस, आणि कापडाचे तुकडे काढून त्या जाड पुठ्ठ्यांवर आपलं जग चिकटवायला घेतलं होतंस.

"हे काय?" मी विचारलं.

"माझी चिकटवही. हात धुऊन ये, मग हात लाव."

वहीबद्दलचं पहिलं बोलणं हेच. मला तर तेव्हाच राग आला होता.

वहीत ती जुनी नाताळची कार्डं होती. लहानपणी रविवारच्या शाळेत वचन बिनचूक पाठ म्हटलं की मिशनच्या मडम एक कार्ड बक्षीस द्यायच्या. अमेरिकेतल्या बायकांनी वापरून झालेली कार्डं पेट्या भरून पाठवलेली असायची, इथल्या मुलांना वाटायला. कुणावर बर्फातली गाडी, कुणावर मखमली बुंध्याचं झाड, कुणावर चमकी लावलेला तारा. आणि मागच्या बाजूला कुण्या बाईनं कुण्या बाईला लिहिलेल्या चार ओळी. तू कार्ड पूर्ण चिकटवायची नाहीस. एकाच कडेला खळ लावायचीस, म्हणजे दारासारखं उघडून मागचं वाचता येईल. "ती बाई तिकडं कुठं तरी असेल. तिचं हस्ताक्षर मी कसं बुजवू?" असं म्हणाली होतीस.

कार्डांच्या जोडीला कापडाच्या ताग्यांवरची रंगीत चित्रं, काड्यापेट्यांचे छाप, कॅलेंडरातलं एखादं पान, तुझी स्वतःची पेनानं काढलेली चित्रं. आणि कविता. दिवाळी अंकांतून हातानं उतरवलेल्या, हिरव्या शाईत. मी गणिताची बाई. मला कवितेत एका ओळीतून दुसरी कशी निघते तेच कळायचं नाही. तू चिडायचीस. "निघायलाच पाहिजे असं कुठं आहे? शेजारी बसली तरी पुरे." आपण चार वर्षं ह्यावरच वाद घातला.

एक गोष्ट मात्र माझ्यातल्या गणिताच्या बाईला पटली होती. तू प्रत्येक कवितेखाली नाव लिहायचीस. कुणाची, कुठून घेतली. शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर एकदा तुला अर्धी फाटलेली कविता सापडली होती. तिच्याखाली तू लिहिलंस, "नाव मिळालं नाही, पण कुणाची तरी आहे." मी हसले होते. तू हसली नाहीस.

गेल्या डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या हस्तकला प्रदर्शनात ती वही ठेव म्हणून मीच तुझ्या मागं लागले. हे मी लपवणार नाही. तू नको म्हणत होतीस. "ती दाखवायची वस्तू नाही, विजू." मी म्हटलं, "भरतकामाचे रुमाल दाखवतात, त्यापेक्षा ही दाखव." शेवटी तू टेबलावर ठेवलीस आणि दिवसभर बाजूला उभी राहून मुलींना "हात धुतले का?" विचारत राहिलीस.

दुपारी आपल्या शाळेचे कार्याध्यक्ष आले. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. नावाची त्यांना हौस आहे, ती मी का पुरवू? साहित्यिक म्हणून गावात त्यांचा दबदबा, कुठंही सभा असली की व्यासपीठावर खुर्ची ठरलेली. त्यांनी वही उभ्यानं चाळली, मग खुर्ची मागवली, मग चष्मा बदलला. मी बघत होते. एका पानावर ते बराच वेळ थांबले. डाव्या बाजूला बर्फाचं कार्ड, उजव्या बाजूला रस्त्याच्या कडेला उन्हात खडी फोडणाऱ्या बायकांचं तुझं चित्र, आणि खाली हिरव्या शाईत ती कविता.

"दोन दिवस नेतो," ते म्हणाले. "स्मरणिकेसाठी काही कल्पना सुचतील."

तू माझ्याकडं पाहिलंस. मी मान डोलावली. तू वही वर्तमानपत्रात गुंडाळून दिलीस.

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. तू एकदा निरोप पाठवलास, एकदा स्वतः विचारलंस. "आहे, आहे, सुरक्षित आहे," असं उत्तर आलं. मग जानेवारी सरता सरता स्मरणिका छापून आली. पहिल्याच पानावर, सुंदर चौकटीत, कार्याध्यक्षांची कविता. दुष्काळी कामावरच्या स्त्रीचं मनोगत.

मी ती तिथंच, शिक्षकांच्या खोलीत उभ्यानं वाचली. मला कवितेतलं कळत नाही, पण एकदा वाचलेलं मी विसरत नाही. तीच कविता. फरक एवढाच की त्यांनी ती धुऊन इस्त्री केली होती. 'हाय'चं 'आहे' केलं होतं. 'म्हनला'चं 'म्हणाला', 'लिव्ह'चं 'लिही'. घरी आलेल्या पाहुणीला आधी अंगणात अंघोळ घालावी तसं.

मी स्मरणिका घेऊन तुझ्या वर्गात शिरले. तू फळ्यावर कमान काढत होतीस. मुली बाहेर गेल्यावर मी ती तुझ्यापुढं टाकली. तू वाचलीस. हाताला खडू होता, त्याचा ठसा पानावर उमटला.

"चल," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता मुख्याध्यापिकांकडं. तिथून त्यांच्या घरी."

"राहू दे, विजू."

"राहू दे? तुझी कविता आहे ती!"

"ती माझी नाहीच," तू म्हणालीस. "माझी म्हणून मी भांडायला कशी जाऊ?"

"अगं, मी वाचलीय वहीत. तुझं अक्षर आहे."

"अक्षर माझं आहे."

मला वाटलं, ही नम्रता. बक्षीस समारंभात बायका करतात तसली. मला वाटलं, तू नोकरीला भिलीस. आणि मी जे बोलले ते सगळं इथं लिहायला धजत नाही, पण शेवटचं लिहिते, कारण ते तू ऐकलंस आणि त्यावर काही बोलली नाहीस. मी म्हटलं, "भित्री आहेस तू. टेबलावर डबे आपटायला तेवढी शूर."

तू फळ्याकडं वळलीस आणि कमानीची दुसरी बाजू काढायला लागलीस.

त्यानंतर आपण बोललो नाही. एका खोलीत डबे खाल्ले, एका रजिस्टरवर सह्या केल्या. मी तुझ्याकडं बघायचीसुद्धा नाही. पाच-सहा आठवडे. बघितलं असतं तर तुझे डोळे पिवळे झालेले मला सगळ्यांच्या आधी दिसले असते. गावात टँकरचं पाणी, प्यायला धड नाही, काविळीनं आजारी माणसं दर गल्लीत. मी घरी पाणी उकळून घेत होते आणि तू उकळतेस का, एवढं विचारायला माझं तोंड उचकटलं नाही. तू वर्गात खुर्चीवर कोसळलीस तेव्हा मुली मला बोलवायला आल्या, कारण आपलं भांडण झालंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात तू सहा दिवस होतीस. मी रोज आले. पहिले दोन दिवस तू शुद्धीवर होतीस आणि तेव्हाच बोलून घ्यायला हवं होतं. मी मोसंब्याचा रस, औषधाच्या वेळा, रजेचा अर्ज, असलं बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू म्हणालीस, "वही आण की."

"आणते."

"भांडू नको. नुसती आण."

मी "बरं" म्हटलं. माफ कर असं म्हणायला तोंड उघडलं, तर नर्स बाटली बदलायला आली. तिसऱ्या दिवशी सकाळी तू मला ओळखलं नाहीस. नर्सला कशाला दोष देऊ? तिच्या आधी संध्याकाळभर मी मोकळीच होते.

मातीच्या वेळी तुझी आई पाथर्डीकडून एसटीनं आली, ती परवाच्या गुरुवारपर्यंत इथंच होती. तुझ्या खोलीत राहिली. तू तिच्याबद्दल एवढं बोलायचीस, पण ती तुझ्या खांद्यालाही लागत नसेल हे कधी सांगितलं नाहीस. सगुणाबाई. हाताचे तळवे असे की मी हात धरला तर मला खरवडलं. माती होईपर्यंत तिनं डोळ्यातून पाणी काढलं नाही. नंतर खोलीवर आल्यावर तुझी चप्पल दाराशी दिसली आणि ती तिथंच बसली.

तर सोमवारी शोकसभा. तुझ्या आईला पुढच्या रांगेत लाकडी खुर्चीवर बसवलं होतं. मुख्याध्यापिकांचं 'शांत होत्या' झालं. मग कार्याध्यक्ष उठले. म्हणाले, एस्तेरबाईंना माझी एक कविता फार प्रिय होती. त्यांच्या स्मृतीला तीच अर्पण करतो. आणि त्यांनी ती म्हटली, एस्तेर. तुझ्या फोटोसमोर उभं राहून, हात छातीशी घेऊन, तुझ्या आईच्या डोळ्यांदेखत.

मी उठले. कशी उठले माहीत नाही. "ती कविता तुमची नाही," मी म्हटलं. "ती एस्तेरच्या वहीतली आहे. वही तुमच्या घरी आहे, डिसेंबरपासून."



ते रागावले नाहीत. ते हसले, त्याचाच मला जास्त संताप आला. सगळ्यांकडं बघत म्हणाले, "विजयाबाईंची जिवाभावाची मैत्रीण गेली आहे. दुःखात माणसाचा तोल जातो. आपण समजून घेऊ."

"बसा, विजयाबाई," मुख्याध्यापिका दबक्या आवाजात म्हणाल्या. "प्रसंग काय आहे, बघा जरा."

एकही शिक्षक माझ्याकडं बघेना. ज्यांनी त्या प्रदर्शनात तुझी वही हाताळली होती, त्यांतले सहा-सात जण समोर बसले होते. सगळ्यांना एकदम आपापल्या चपला दिसायला लागल्या. मी बाहेर पडले. जिन्यापर्यंत गेले तर मागून पावलं आली. तुझी आई.

"कुटं निगालीस?"

"वही आणायला."

"चल," ती म्हणाली. "मी बी येते."

त्यांचं घर तू पाहिलं नसशील. पुढं व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, कुंड्या. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. मी घोकून आणलेलं सगळं एका दमात बोलले. त्या तुझ्या आईकडं बघत राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं, "ह्या त्यांच्या आई का?"

"हो."

त्या आत गेल्या. मला वाटलं, दार लावून घेतील. त्या वही घेऊन आल्या. वर जुन्या साडीचा अभ्रा शिवलेला.

"दुपारचं आवरलं की मी ही बघत बसते," त्या म्हणाल्या. "कार्डांच्या मागचं इंग्रजी मला येत नाही. तरी एकेक उलटून बघते. ह्यांनी कपाटावर टाकली होती. मी काढून घेतली." मग म्हणाल्या, "न्या. ते यायच्या आत न्या."

मी व्हरांड्यातच वही उघडली, पान शाबूत आहे की फाडलंय ते बघायला. होतं. डावीकडं बर्फ, उजवीकडं तुझ्या बायका. आणि मी मोठ्यानं वाचायला लागले, त्या बाईंना ऐकवायचंच म्हणून, जसं तू लिहिलं होतंस तसं:

नाव सांग म्हनला मुकादम.
म्या म्हनलं, लिव्ह, खडी.
खडी फोडती ती खडी.
हातोडी वर जाती तवा हात माझा हाय,
खाली येतो तवा सरकारचा.
पानी पिऊन आले तर हजेरी न्हाई.
तान काय हजेरी बघून लागती व्हय?
ह्यो रस्ता कुनाच्या गावाला जातो म्हाईत न्हाई.
माझ्या गावाला जात न्हाई, येवडं म्हाईत हाय.

तुझी आई खांबाला टेकून उभी होती. ती सरळ झाली.

"ह्ये तर मी बोल्ले हुते," ती म्हणाली.

मला कळेना.

"मागल्या मे म्हैन्यात. सुट्टीत आल्ती ना ती. मी कामावं जायाची तर माज्या संगं येऊन बसायची, डोक्यावं पदर घिऊन. आमी बाया खडी फोडायचो, ही कागदावं चितर काढायची. मुकादमाशी माजी रोज जुंपायची. मी रागानं काय काय बोलायची, ही आपली हसायची अन् लिवायची. म्हनलं, काय लिवतीस? तर म्हनली, तू बोल, थांबू नगं." ती माझ्याकडं आली आणि हिरव्या अक्षरांवर बोट ठेवलं. "समदं लिवलंय व्हय तिनं? रस्त्याचं बी?"

"सगळं," मी म्हटलं. आणि मग माझी नजर खाली गेली, जिथं ती आधीच जायला हवी होती. प्रदर्शनाच्या गडबडीत मी कविता वाचली होती, नाव वाचलं नव्हतं. कारण मला वाटलं होतं, नाव कशाला वाचायचं, तुझीच असणार. बारीक अक्षरात तू लिहिलं होतंस: "सगुणाबाई, माझी आई. दुष्काळी कामावर बोलली, मी उतरवून घेतलं."

अक्षर माझं आहे, तू म्हणाली होतीस. शब्दन्‌शब्द खरं सांगितलं होतंस आणि मी तुला भित्री म्हटलं. एस्तेर, मी त्या व्हरांड्यात त्यांच्याच वेताच्या खुर्चीवर बसले आणि रडले. पण लगेच रागही आला, आणि तो अजून आहे. एक वाक्य जास्त बोलायचं होतंस! 'आईची आहे' एवढं. मग मी तुला ओढत नेलं नसतं, तुझ्या आईला घेऊन गेले असते. तुला तिला त्यांच्यापुढं उभं करायचं नव्हतं का? ते हसतील म्हणून? मला हे विचारायचं आहे आणि विचारता येत नाही.

इतक्यात फाटक वाजलं. कार्याध्यक्ष आले होते, सभा उरकून, हातात सभेतलाच गुच्छ.

मी वही त्यांच्यापुढं धरली. "खालचं नाव वाचलं होतं का तुम्ही?"

आता तिथं सभा नव्हती, म्हणून ते खरं बोलले. "वाचलं होतं," ते म्हणाले. "पण बाई, तो कच्चा माल होता. कुण्या मजुरणीची बडबड. तिला कवितेचं रूप मी दिलं. भाषा शुद्ध केली, छापली. नाही तर ती त्या वहीतच पडून राहिली असती. उलट त्या बाईंना आनंद व्हायला हवा."

"ती बाई ही," मी म्हटलं.

त्यांनी तुझ्या आईकडं पाहिलं. सभेत तुझ्या फोटोला तिच्या हातून हार घालायला लावून तिच्याबरोबर फोटो काढला होता त्यांनी, पण तिच्याकडं नीट पाहिलं ते आत्ता.

तुझी आई म्हणाली, "सायेब, तुमी खडी फोडली का?"

त्यांनी गुच्छ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"न्हाई ना. मंग मुकादम तुमाला नाव कशाला इचारंल?"

एवढंच. तिनं आवाजही चढवला नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पायऱ्या उतरायला लागली. त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या, त्यांनी नवऱ्याच्या हातातला गुच्छ काढून घेतला आणि आत गेल्या. मी वही छातीशी धरून तुझ्या आईच्या मागं पळाले. चितळे रोडवर येईस्तोवर मी वळून वळून मागं बघत होते. तिनं एकदाही बघितलं नाही.

रस्त्यात ती एकदाच बोलली. "त्यानं सबेत म्हनलं तवा मला वाटलं, कुटंतरी आयकलंय. पन लई गुळगुळीत लागलं."

त्या संध्याकाळी तुझ्या खोलीत मी तिला वही पहिल्या पानापासून वाचून दाखवली. कार्डांच्या मागचं इंग्रजीही, जमेल तसं मराठीत करून. कुठल्याशा बाईला सर्दी झाली होती, कुठल्याशा बाईला नातू झाला होता. तुझी आई ऐकत होती आणि मधेच विचारत होती, "मंग बरी झाली का ती?" मला काय माहीत? मी म्हटलं, झाली असेल.

मंगळवारी सकाळी मी शाळेत लवकर गेले. फुलस्केप कागदावर ती कविता लिहिली, तुझ्या वहीतली, अक्षर न् अक्षर तशीच. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: सांगणारी, सगुणाबाई. लिहून घेणारी, तिची मुलगी एस्तेर, ह्या शाळेची चित्रकला शिक्षिका. आणि त्याखाली: स्मरणिकेत ही दुसऱ्याच्या नावानं छापली आहे. सूचना फलकावर चार टाचण्या मारल्या. दुसऱ्या तासाला कागद गेला होता.

बुधवारी पुन्हा लावला. मुख्याध्यापिकांनी बोलावलं. "विजयाबाई, शाळेची शोभा होते आहे," त्या म्हणाल्या. "ते कार्याध्यक्ष आहेत. मृत व्यक्तीचं नाव मधे आणून असले वाद घालू नयेत."

"नाव मी आणलं नाही," मी म्हटलं. "ते होतं तिथंच लिहिलंय."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला क्षणभर वाटलं, त्यांना तो चहा सांडलेला आठवतोय. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही जा वर्गावर."

गुरुवारी मी तुझ्या आईला माळीवाड्याच्या स्टँडवर सोडायला गेले. वही मला ठेवायची होती. खरं सांगते, मी मनाशी ठरवलंच होतं. तुझी एवढी एक वस्तू, आणि तुझ्या आईला तर वाचता येत नाही, असं मी स्वतःला समजावलं. मग माझंच मला कळलं की मी कुणासारखं बोलतेय, आणि शरमले. मी वही तिच्या पिशवीत घातली. ती म्हणाली, "ठिव की तुज्याकडं." मी म्हटलं, "नाही, तुमच्या मुलीची आहे." तिनं पिशवीच्या तोंडाची गाठ दोनदा मारली. पाथर्डीची गाडी आली, माणसं धक्काबुक्की करत आत शिरली, तिला खिडकीशी जागा मिळाली नाही. मला तिचा हात तेवढा वर दिसला.

स्टँडवरून परत येऊन मी तिसरा कागद लावला.

शुक्रवारी मला मेमो मिळाला. टंकलिखित, सही-शिक्क्यासकट. शाळेच्या फलकावर परवानगीशिवाय मजकूर लावून व्यवस्थापनाची बदनामी केल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा करावा. शिक्षकांच्या खोलीत मी तो मोठ्यानं वाचला. शिवणाच्या बाईंनी डबा उघडून त्यातली अर्धी पोळी माझ्यापुढं सरकवली. शोकसभेत चपला बघणाऱ्यांपैकीच त्या एक. तुला आवडायच्या नाहीत. मला पोळी गिळवली नाही, पण ती नाकारलीही नाही.

मला नोकरीची गरज आहे, एस्तेर. घरी आई आहे, धाकटी बहीण आहे. काल रात्रभर मी गुळमुळीत खुलासे मनात लिहीत राहिले. गैरसमज झाला, भावनेच्या भरात झालं, भविष्यात काळजी घेईन. सगळे मला पाठ होते, जन्मापासून पाठ असल्यासारखे. तू असतीस तर काय म्हणाली असतीस? 'भांडू नको,' हे म्हणाली असतीस, माहीत आहे. वही आणायला सांगताना म्हणालीच होतीस. ती तुझी आज्ञा मी मोडते आहे, आणि त्याबद्दल तुझी माफी मागत नाही. जी मागायची होती ती वेगळी होती. ती त्या दवाखान्यात राहिली, आणि आता ती कुणाकडं मागायची ते मला कळत नाही.

आज सकाळी शाळेत गेले. कागद फलकावर होता. कुणी मुद्दाम राहू दिला होता की काढायची कुणाची हिंमत झाली नव्हती, मी चौकशी केली नाही. मुख्याध्यापिकांच्या टेबलावर खुलासा ठेवला. त्यात दोनच वाक्यं होती: "कागद मी लावला. कविता ज्या बाईची आहे तिचं नाव स्मरणिकेत छापून येईपर्यंत मी तो लावत राहीन."

सही केली, तारीख घातली, आणि नववीच्या तासाला गेले.